मासे खातो का?

संगीता कुणावरही चटकन विश्वास ठेवत नाही, हे बोंडारपाड्यात लहानथोरांना ठाऊक होतं, आणि बायकांनी तिला बचत गटाची अध्यक्ष केलं ते त्यासाठीच. रेशनचे तांदूळ ती घरी आणून पुन्हा मापायची. दवाखान्यातून आणलेली गोळी आणखी दोघांना दाखवल्याशिवाय गिळायची नाही. तिचा नवरा नविन उंबरगावच्या बाजूला एका कारखान्यात कामाला आहे. तो रविवारी घरी आला की आधी त्याचा डबा उघडून ती वास घेते. डबा आपण खाल्ला की दुसऱ्याला दिला हे तिला झाकण काढताच कळतं, असं तो स्वतःच हसत सांगतो.

तिचं माहेर वाणगावजवळचं. लग्नाआधी काही वर्षं ती डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात होती आणि तिच्याकडे तपासणीचं काम होतं. फुगा हवेनं भरायचा, कानाशी धरायचा, मग गालावरून हळूहळू फिरवायचा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी हवा गालाला लागते. दिवसभर हेच. "चांगला दिसणारा फुगाच जास्त तपासायचा," ती मला एकदा म्हणाली. "वाईट असतो तो कुणालाही दिसतो."

मी डहाणूत राहतो आणि पक्षी पाहणाऱ्या एका लहानशा मंडळाबरोबर अधूनमधून बाहेर पडतो. संगीताची ओळख त्यातूनच झाली. पुढचं काही मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, बाकीचं तिनं आणि पाड्यातल्या इतरांनी नंतर सांगितलं.

बोंडारपाडा तलासरीहून आत, डोंगराकडे गेलं की लागतो. पाड्याच्या वरच्या अंगाला एक तलाव आहे. एका बाजूला जुना मातीचा बांध, आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात, बांध घातला तेव्हा बुडालेल्या झाडांचे खुंट. त्या कोपऱ्याला काठावर करवंदीची दाट जाळी, त्यामुळे तिकडून पाण्यात कुणी उतरत नाही. संगीताच्या गटानं हा तलाव ग्रामपंचायतीकडून मासळीसाठी मागून घेतला. पावसाळ्यात त्यांनी रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली आणि राखणीला चैत्याला बसवलं. महालक्ष्मीच्या जत्रेच्या सुमाराला मासळी काढायची असं ठरलं होतं.

चैत्या हा बारकीचा नवरा. बारकी आणि संगीता एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन पाड्यात आल्या. नव्या नवऱ्या म्हणून दोघी मिळून पाण्याला जात, मिळून रडत. पुढे पोरं झाली, ती या घरात जेवून त्या घरात झोपत. गट काढायची कल्पनाही मुळात बारकीची. पाड्यात एकाच माणसावर संगीताचा कधी संशय नव्हता, ते माणूस म्हणजे बारकी.

दिवाळीला मासे पाहिले तेव्हा वाढ चांगली होती. संक्रांत झाल्यावर पाड्यातल्या माणसांनी काठावरून पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकून पुन्हा पाहिलं. लहान मासे आले. मोठे जवळजवळ आलेच नाहीत. पाग दुसरीकडे टाकला, तिथंही तेच.

संगीतानं पहिला संशय घेतला तो पक्ष्यांवर. खुंटांवर दिवसभर काळ्या पक्ष्यांची रांग बसलेली असे. पंख पसरून उन्हाला धरायचे, मध्येच पाण्यात बुडी मारायचे. "हेच ते," ती बायकांना म्हणाली. मग दिवाळीचे उरलेले फटाके वाजवून झाले, थाळ्या बडवून झाल्या. पक्षी उडायचे, तलावाला एक वळसा घालायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. संगीता मात्र पक्ष्यांचं पक्कं धरून बसली. ती मला पुढे म्हणाली की तिला पक्षीच हवे होते. पक्षी नसतील तर मग माणूस, आणि तलावाजवळ माणूस एकच होता.

शेवटी गटाच्या बैठकीत ठकी बोलली. ठकी गटातली सगळ्यांत म्हातारी, तिला कुणाची भीड नाही. हातभर मासा गिळणारा पक्षी आपण जन्मात पाहिला नाही, असं ती म्हणाली आणि तंबाखू मळत बसली. बारकी समोर बसली होती. संगीता खाली बघत म्हणाली की यापुढे राखण सगळ्या घरांनी पाळीपाळीनं करावी, एकाच माणसावर भार नको. कुणाचं नाव कुणी घेतलं नाही. पण चैत्यानं दुसऱ्या दिवशी बांधावरच्या खोपीतून आपली घोंगडी उचलली, आणि बारकी पुढच्या बैठकीला आली नाही.

त्यानंतर संगीताचं डोकं थांबेना. बारकीच्या घरावरून जाताना ती नाकानं वास घ्यायची. चैत्यानं नवी चप्पल घातली तर ती चप्पल तिला रात्रभर दिसायची. एकदा तिला बारकीच्या उकिरड्यावर माशाचा काटा दिसला. तिनं तो पायानं उलटवून पाहिला. सुक्या बांगड्याचा होता, बाजारातला. तरी तिला वाटलं, मुद्दाम वरती टाकला असेल, लोकांना दिसावा म्हणून. बारकी दारातून हे सगळं बघत होती, ते तिला पुष्कळ नंतर कळलं.

अशा दिवसांत आमचा निरोप गेला. आमच्या मंडळाची प्रगती डहाणूच्या एका कॉलेजात शिकवते. हिवाळ्यात त्या तलावावर खूप पक्षी उतरतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. रविवारी सकाळी येऊ का, असं तिनं गावच्या शाळेतल्या गुरुजींकडून विचारलं. उत्तर आलं, या, पण गटाचं माणूस बरोबर राहील.

गटाचं माणूस म्हणजे संगीता. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा ती बांधाच्या तोंडाशीच उभी होती, पदर खोचून, हातात काठी. आम्ही पाच-सहा जण होतो. तिनं एकेकाकडे नीट पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावरच्या तिवईकडे.

"हे कशाला?"

मी सांगितलं की यावर मोठी दुर्बीण बसते, लांबचा पक्षी नीट दिसतो. तिनं मला तिथंच ती लावायला सांगितली. स्वतः डोळा लावून बघितलं, मग मान बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी, मग पुन्हा दुर्बिणीतून. आत आकडे दिसतात का, असं तिनं विचारलं. नाही म्हटलं तर तिला ते पटल्यासारखं वाटलं नाही. तिचं चूक नव्हतं. या भागात तिवई घेऊन माणसं आली की त्यांच्यामागून लाल रंग लावलेले मोजणीचे खुंट येतात आणि कुणाच्या तरी शेतातून रस्ता नाहीतर रूळ जातो. शिवाय तिच्या मनात आणखी एक होतं. पक्ष्यांसाठी तलाव राखीव झाला, मासेमारी बंद, असं कुठंतरी घडल्याचं तिनं ऐकलं होतं.

आम्ही बांधावरून चालायला लागलो. ऊन कोवळं होतं, पाण्यावरचं धुकं नुकतंच उठत होतं. कमळाच्या पानांच्या अलीकडे काळ्या पक्ष्यांचा मोठा थवा पोहत होता, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. प्रगती म्हणाली, हे वारकरी. संगीता तिच्या अगदी मागे होती.

"मासे खातो का?"

प्रगतीनं वळून पाहिलं. म्हणाली की नाही, हा पाण्यातली वनस्पती खातो, कधी किडे.

पुढे अडई बदकं दिसली, शीळ घालत उडाली. संगीतानं विचारलं, मासे खातो का? नाही, दाणे आणि गवताचं बी. पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी दिसला. मासे खातो का? नाही. जांभळी पाणकोंबडी चोचीत देठ धरून उभी होती. ती मासे खात नाही हे संगीतालाच दिसलं, तरी तिनं विचारून घेतलं. आमच्यातला उमेश गालातल्या गालात हसत होता. मला तेव्हा हसू आलं नाही, कारण मी तिच्या जरा जवळ होतो आणि तिचं तोंड मला दिसत होतं. प्रत्येक "नाही" ऐकून ते उतरत चाललं होतं.

टिबुकली बुडी मारून वर आली तेव्हा प्रगतीनं सांगितलं की ही लहान मासे खाते. किती लहान, असं संगीतानं विचारलं. प्रगतीनं करंगळीचं पेर दाखवलं. मग काठाशी चिखलात एक मळकट बगळा उभा होता, इतका चिखलासारखा की दाखवल्याशिवाय दिसेना. तो उडाला तेव्हा पंख एकदम पांढरेशुभ्र. याला वंचक म्हणतात, प्रगती म्हणाली, म्हणजे फसवणारा. संगीता तो दूर जाऊन बसेपर्यंत बघत राहिली. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं नीट पाहिलं असणार, एवढंच म्हणाली.

मग तिनं काठीनं पलीकडच्या कोपऱ्यातले खुंट दाखवले. तिथं नेहमीची काळी रांग होती.

"आणि ते?"

"ते छोटे पाणकावळे," प्रगती म्हणाली. "ते मात्र मासेच खातात."

संगीताचा चेहरा उजळला. आम्हाला कुणालाच काय चाललंय ते कळत नव्हतं, तेव्हा तिनं पहिल्यांदा सांगितलं. बोटुकली सोडली, दिवाळीत वाढ चांगली होती, आता मोठा मासा नाही. मोठा म्हणजे किती, असं प्रगतीनं विचारलं. संगीतानं कोपरापर्यंत हात दाखवला.

प्रगती जपून म्हणाली की हा पक्षी लहान आहे. याच्या गळ्याखाली बोटभर मासा जातो, फार तर त्याहून जरा मोठा. एवढा मासा त्याला धरताही येणार नाही.

"तुम्ही पक्ष्यांकडच्या," संगीता म्हणाली. "तुम्ही असंच सांगणार."

प्रगतीला वाईट वाटलं असावं, पण ती वाद घालत बसली नाही. आम्ही बांध संपवून काठाकाठानं पुढे गेलो. संगीता आता आमच्यापासून चार पावलं मागे राहून चालत होती आणि काठीनं गवत उगाच झोडत होती.

तेवढ्यात उमेशनं हात वर केला. सर्पपक्षी दिसला म्हणाला. खुंटांच्या पलीकडे पाण्यातून नुसती काळी मान वर आली होती, अंग सगळं पाण्याखाली. सर्पपक्षी असाच पोहतो, साप डोकं वर काढून चालल्यासारखा, म्हणून त्याचं ते नाव. आमच्यापैकी दोघांनी तो आधी कधी पाहिला नव्हता. मी घाईघाईनं तिवई उभी केली, सगळ्यांनी पाळीपाळीनं बघितलं आणि सगळे खूश झाले. संगीतानं विचारलंच, आणि उमेशनं सांगितलं की हा मासे खातो, चांगले मोठे खातो. ती लगेच पुढे आली.

प्रगती शेवटी दुर्बिणीशी गेली आणि तिथंच राहिली. बराच वेळ डोळा काढेना.

"चोच बघा," ती म्हणाली. "सर्पपक्ष्याची सरळ असते, दाभणासारखी. याच्या चोचीला टोकाशी आकडा आहे. आणि मान जाड आहे, आखूड आहे. हा पाणकावळाच."

उमेश म्हणाला की पाणकावळा एवढा बुडून कसा पोहेल. प्रगती म्हणाली, तोच प्रश्न आहे. आणि तो पोहत नाहीये. मघापासून जागेवरच आहे.

आम्ही पुन्हा पाहिलं. पक्ष्यानं एक पंख अर्धा पाण्याबाहेर काढला, हिसका दिला आणि पुन्हा मानेपर्यंत खाली गेला. बाकीचे वर खुंटांवर बसून होते. प्रगतीनं संगीताला बोलावून बघायला सांगितलं. संगीतानं पाहिलं, आणि दुर्बिणीवरून डोळा काढताना तिचा आवाज बदलला होता.

"त्याला खालून धरलंय," ती म्हणाली. "खाली जाळं हाय."

त्या कोपऱ्यात गटानं जाळं लावलेलं नव्हतं. करवंदीतून तिकडे उतरता येत नाही, म्हणजे तिथं जायचं तर पाण्यातून. आणि पाण्यात तरंगायला पाड्यात एकच साधन होतं, ट्रकच्या चाकाची ट्यूब, ती चैत्याची. हे सगळं तिच्या मनात एका क्षणात जुळलं, असं तिनं पुढे मला सांगितलं. ते जुळलं तेव्हा तिला रागही आला नाही.

चैत्या जवळच्या माळावर बैल घेऊन आला होता. बारकी त्याची भाकरी घेऊन आली होती. आम्हाला पाहून दोघं लांबच थांबली होती. गलका ऐकून दोन-तीन बायकाही पाड्याकडून वर आल्या, त्यांत ठकी होती. पक्षी सोडवायला हवा, मरेल तो, असं प्रगती म्हणत होती, आणि ट्यूब कुणाकडे आहे म्हणून विचारत होती. सगळ्यांनी चैत्याकडे पाहिलं.

चैत्या उंच, वाळका माणूस. बोलणं कमी. तिथं खुंट आहेत, ट्यूब फुटेल, असं तो म्हणाला.

"तुला ठाव हाय तिथं काय हाय ते?" संगीतानं विचारलं.

"खुंट हायेत. आणखी काय असणार."

"मग जायला कशाला डरतोस?"

आम्ही शहरातली माणसं खाली बघत उभी राहिलो. भांडण आमच्यासमोर सुरू झालं नव्हतं, ते आधीपासून चालू होतं आणि आम्ही मध्येच येऊन पडलो होतो, एवढं कळत होतं. बारकीनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"जा तू," ती नवऱ्याला म्हणाली. "जा, आणि काय असेल ते हितं घेऊन ये. सगळ्यांसमोर."

चैत्यानं घरून ट्यूब आणली. कमरेला कोयता बांधून तो तिच्यावर पालथा झोपला आणि हातांनी पाणी मारत निघाला. संगीतानं मला बाजूला करून दुर्बीण स्वतःकडे घेतली आणि तो पोचेपर्यंत तिनं डोळा काढला नाही. त्याला बघत होती, पक्ष्याला नाही. तो थेट जातो की शोधत जातो, हे तिला बघायचं होतं. त्याला जागा माहीत असली तर तो थेट जाईल.

तो थेट गेला नाही. दोनदा खुंटाला अडकला, एकदा चुकीच्या बाजूला गेला, आणि काठावरून उमेशनं हात हलवून त्याला वळवलं. पक्ष्याजवळ पोचल्यावर त्यानं त्याची मान एका मुठीत धरली आणि कोयत्यानं खालचे धागे कापले. पक्ष्यानं त्याच्या मनगटाला चोचीचा आकडा मारला. सुटल्यावर तो उडाला नाही, पाण्यावरून फडफडत काठाच्या गवतात जाऊन बसला आणि पंख पसरून थरथरत राहिला. वारा तिकडून आमच्याकडे येत होता. वास आधी आला. मग चैत्यानं पाण्यातून जाळं वर ओढलं.

त्यानं हाताला आलेला तुकडा काठापर्यंत ओढत आणला. बारीक नायलॉनचं, पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं. त्यात रोहूची डोकी होती, नुसते सांगाडे होते, अर्धवट कुजलेले मासे होते, आणि दोन अगदी ताजे, हातभर. एक मेलेली टिबुकलीही होती. मेलेला मासा कुजतो, त्याला खायला लहान मासे येतात, लहान माशांसाठी पाणकावळे येतात. ते तिथंच का बसत होते ते आता कळलं.

"म्हणजे जाळं लावलेलं होतं," ठकी म्हणाली, आणि बायका चैत्यापासून एक पाऊल मागे सरकल्या. चैत्या गुडघाभर पाण्यात ओलाचिंब उभा होता, मनगटातून रक्त येत होतं.

संगीता खाली बसली. तिनं जाळ्याची कड हातात घेतली आणि बोटांतून सरकवत नेली. एका टोकाला जाळं फाटलेलं होतं, ओढून फाटल्यासारखं. काठाला निळी दोरी होती. शिशाचे मणी शाबूत होते, वरची बुचं मात्र मेलेल्या माशांच्या ओझ्यानं पाण्याखाली गेली असावीत, म्हणून वरून काही दिसत नव्हतं. तिला वेळ लागला. आठवत नव्हतं म्हणून नव्हे. आठवलं होतं लगेच, पण बोलावं की नाही ते ठरत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा चैत्यावर होत्या, आणि ती गप्प राहिली असती तर त्या तिथंच राहिल्या असत्या.

"हे नारूचं जाळं हाय," ती म्हणाली. "आगरच्या. लावलेलं नाय, अडकलेलं हाय."

मग तिनं सांगितलं. दिवाळीत मासे बघायला त्यांनी किनाऱ्यावरच्या आगर गावाहून नारूला बोलावलं होतं. तो दर्यावरचा माणूस, भाड्यानं जाळं आणि आपली ट्यूब घेऊन तलावांवरही येतो. संध्याकाळी जाताना तो म्हणाला होता की खुंटांत जाळ्याचा एक तुकडा अडकून तुटलाय, अंधार होतोय, उद्या एक माणूस घेऊन येतो आणि काढून नेतो. संगीताला वाटलं, जाळ्याचं निमित्त करून हा उद्या पोतं भरून मासे नेईल. तिनं सांगितलं, यायचं काम नाही. त्यानंतर त्यानं फोन केला, तो तिनं उचलला नाही. पुन्हा केला, तोही नाही. ही गोष्ट तिनं गटात कुणाला सांगितली नव्हती, कारण तिच्या दृष्टीनं सांगण्यासारखं काही नव्हतं. एक माणूस फसवायला निघाला होता, तिनं फसू दिलं नाही, एवढंच.

"चैत्याला यातलं काय पण ठाव नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "मला ठाव होतं."

बारकीनं आपल्या पदराची कड फाडली आणि चैत्याच्या मनगटाला बांधली. भाकरीचं फडकं उचललं. संगीताकडे तिनं पाहिलं नाही. दोघं बैल घेऊन खाली उतरली. आम्हीही फार थांबलो नाही. जाताना प्रगती गवतात बसलेल्या पक्ष्याजवळून लांबून गेली. तो तिला पाहून उडाला, जरा वेडावाकडा, पण खुंटांपर्यंत पोचला.

संगीतानं बोलावलं म्हणून नारू तीन-चार दिवसांनी आला. सोबत एक माणूस होता, पण नारू स्वतः मोटारसायकलजवळच उभा राहिला, चावी हातात धरून. परक्या गावात आपल्यावर काही आळ येईल अशी त्याला धास्ती होती. संगीतानं जाळं पुढे टाकलं. त्यानं गाठी पाहिल्या आणि माझंच म्हणाला. मी दोनदा फोन केला होता, एवढं मात्र त्यानं सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग पाण्यात उतरून त्यानं आणखी एक तुकडा काढून दिला, त्यातही तेच निघालं.

संगीताला वाटलं होतं की आता हे मिटेल. तसं झालं नाही. एवढ्याशा जाळ्यात एवढे मासे मरतील का, असं कुणी म्हणायला लागलं. कुणी म्हणालं, नारू आणि संगीता दोघं एकच बोलतात, आधी ठरवून घेतलं असेल. संगीतानं एकदम चैत्याची बाजू का घेतली, त्यातही काही असेल, असं एकीनं पाणवठ्यावर बोलून दाखवलं. संगीताच्या उकिरड्याकडे आता लोक बघायला लागले. तिनं अध्यक्षपद सोडते म्हणून सांगितलं, बायकांनी नको नको म्हणत मान्य केलं आणि ठकीला अध्यक्ष केलं. ठकीला सही येत नाही, अंगठा देते.

जत्रेच्या आधी मासळी काढली. वाटलं होतं त्याहून कमी आली, पण अगदीच गेली असं नाही. जाळं ओढायला सगळी घरं होती, बारकीही होती. ती दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. चैत्याला पुन्हा राखणीवर ये म्हणून ठकीनं निरोप पाठवला होता. तो आला नाही. आता तो घोलवडच्या बाजूला एका चिकूच्या वाडीत कामाला जातो, सकाळच्या गाडीनं.

संगीता एकदा बारकीच्या घरी गेली होती, हे मला तिनं स्वतःच सांगितलं. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा ठरवलं होतं. बारकीनं पाणी दिलं, बसायला सांगितलं, पोरांचं विचारलं. संगीता म्हणाली, माझं चुकलं. बारकी तांदूळ निवडत होती, ते तिनं थांबवलं नाही. चैत्यानं काही केलं नसेल असं एकदा तरी वाटलं का तुला, असं बारकीनं विचारलं. संगीताला खोटं बोलता आलं असतं. तिनं नाही म्हणून सांगितलं. बारकीनं मान हलवली, आणि मग दोघी पावसाबद्दल बोलल्या.

मी गेल्या हिवाळ्यात पुन्हा तलावावर गेलो होतो. बोटुकली नव्यानं सोडली आहेत. आपल्या घराची पाळी आली की संगीता राखणीला बसते. प्रगतीनं तिला एक जुनी लहान दुर्बीण दिली आहे. ओळखता न आलेल्या पक्ष्याचा ती मोबाईलवर फोटो काढून मला पाठवते, आणि मी नाव सांगितलं की तोच फोटो प्रगतीला पाठवून खात्री करून घेते. हे मला प्रगतीकडून कळतं.

आम्ही खोपीत बसलो होतो. खाली वाटेनं बारकी हंडा घेऊन चालली होती. संगीतानं तिला हाक मारून विचारलं की नळाला पाणी आहे का. बारकी थांबली, हिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग आहे म्हणाली आणि पुढे गेली.

"बोलते आता," संगीता म्हणाली. "पण आधी बघते. ही का विचारते म्हणून."

तिनं दुर्बिणीची पट्टी गळ्यात घातली आणि बांधावरून फेरी मारायला उठली.